पायाला पाय

साफ्ता म्हातारी इस्पितळात आली तेव्हा तिच्या नवऱ्याला जाऊन चौतीस दिवस झाले होते, आणि ती भांडायला आली नव्हती हेच वाईट झालं. भांडणाऱ्यांची आमच्या इस्पितळाला सवय आहे. त्यांना जिन्याखालच्या बाकावर बसवायचं, थंड होऊ द्यायचं आणि मग साहेब जेवायला गेलेत म्हणून सांगायचं. ही आली ती अक्रोडांची पिशवी घेऊन, बुटांची माती दारातल्या फडक्याला नीट पुसून. आणि हलक्या आवाजात प्रत्येकीला विचारत सुटली, की माझ्या पांतेलिमोनचं शेवटचं कुणी केलं, त्याला कपडे कुणी चढवले.

ओतिलिया सिस्टर तेव्हा औषधांच्या गाडीपाशी उभी होती. तिनं प्रश्न ऐकला, आणि हातातली गोळी भलत्याच वाटीत पडली.

म्हातारीचं म्हणणं असं होतं: दुपारी जेवून डोळा लागला की पांतेलिमोन येतो. फाटकातून येतो, अंगण ओलांडतो, पण चालत नाही. दोन्ही पाय जोडून उड्या मारत येतो. पडवीपर्यंत येतो आणि पायरी चढता येत नाही म्हणून खालीच उभा राहतो. बोलत नाही. घराकडे बघत राहतो. आता काल-परवापासून तिला जागेपणीही अंगणात ते ऐकू यायला लागलं होतं आणि कुत्रं पडवीखालून बाहेर पडेना.

आमच्याकडे माणूस गेला की पाय सरळ राहावेत म्हणून घोट्यांपाशी दोऱ्यानं पायाला पाय बांधतात, आणि पेटीवर झाकण ठोकण्याआधी तो दोरा आठवणीनं सोडतात. सोडायचा राहिला तर मेलेल्याला पलीकडची वाट चालता येत नाही. चाळीस दिवस जीव घरादाराभोवती फिरतो आणि चाळिसाव्याला निघून जातो. ज्याचे पाय बांधलेले, तो जात नाही. मग तो काय होतो, त्याचं नाव आम्ही जेवणाच्या टेबलावर घेत नाही.

साफ्ताला हे शिकवायला नको होतं. गावातल्या मयतांना आंघोळ घालायचं काम चाळीस वर्षं तीच करत होती. फक्त स्वतःच्या नवऱ्याला घालायला मिळाली नव्हती. तो इस्पितळातून धुतलेला, कपडे घातलेला असाच घरी आला. तिनं मोज्यांवरून लाल लोकरीचा दोरा बांधला होता आणि तो स्वतःच्या हातानं सोडलाही होता. "दोरा सोडला," ती ओतिलियाला म्हणाली, "मग हा उड्या का मारतो, पोरी?"

का, ते ओतिलियाला माहीत होतं. पण ती म्हणाली की मी विचारून सांगते, आजी, आणि अक्रोड ठेवून घेतले.

आता त्या रविवारचं सांगायला हवं. ओतिलिया वाईट बाई नव्हती. वाईट असती तर ही गोष्ट सांगायची गरजच पडली नसती. वीस वर्षांची नोकरी, मऊ हात, शीर पहिल्या टोचण्यात सापडायची. त्या जानेवारीतल्या रविवारी बत्तीस पेशंट, एक सिस्टर आणि आयाचं काम करणारी एक व्हिकामावशी, एवढाच संसार होता. पांतेलिमोन आजोबांच्या छातीत पाणी झालेलं आणि डोक्यात गोंधळ. घरी बकरी व्यायला झाली आहे म्हणून दर दहा मिनिटांनी उठायचे, सलाईन उपटायचे. शुक्रवारी एकदा पडून कपाळ फोडून घेतलं होतं.

पेशंटला बांधायचं तर त्याचा फॉर्म असतो. डॉक्टरांची सही, कारण, वेळ, दर अर्ध्या तासानं बघितल्याची खूण. ते फॉर्म मेट्रन जॉर्जेताबाईंच्या कपाटात होते, कोरे करकरीत, तपासणीला आलेल्यांना दाखवण्यापुरते. डॉक्टरांनी तर पहिल्या दिवशीच हात वर केले होते: मला सांगू नका, कळलं तर मला लिहावं लागेल. मग काय! वॉर्डात 'बांधणं' हा शब्दच कुणी उच्चारायचं नाही. 'दुपट्यात घातलं' म्हणायचं, जसं तान्ह्या पोराला घालतात. आणि नव्या पोरीला पहिल्या आठवड्यातच मेट्रनबाई युक्ती शिकवायच्या: कॉटला बांधू नकोस, ते दिसतं, नातेवाईक बोंबलतात. बँडेजच्या पट्टीनं पायाला पाय बांध आणि वरून पांघरूण घाल. माणूस पडून राहतो आणि पांघरुणाखाली कोण बघायला जातंय!

मेलेल्याला बांधतात तसंच हे, हे काय कुणाला कळत नव्हतं? सगळ्यांना कळत होतं. बोलत कुणी नव्हतं, एवढंच.

ओतिलियानं सकाळी आठला गाठ मारली. आजोबांनी मान उचलून पायांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ते काही क्षण अगदी शुद्धीवर होते.

"पोरी, हे मेलेल्याला बांधतात," ते म्हणाले.

"आत्ता सोडते, आजोबा," ती म्हणाली.

तिला खरंच सोडायचं होतं. पण नऊला डॉक्टरांची फेरी, दहाला बायकांच्या खोलीत एकीला रक्ताची उलटी, मग जेवणाच्या गाड्या. आठ ते दोनमध्ये ती चारदा त्या कॉटजवळून गेली. चारही वेळा ते काहीतरी म्हणाले आणि तिनं मान हलवली. दोनला गेली तेव्हा ते संपले होते.

व्हिकामावशी अंग पुसायला आली. पांघरूण बाजूला केलं, बँडेज पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "आधीच बांधलंस होय गं? आजकालच्या पोरींना कुठलं सुचतं हे," म्हणत तिनं ओतिलियाच्या डोक्याचा मुका घेतला. पट्टीला हात न लावता साफ्तानं विणून पाठवलेले राखाडी मोजे चढवले आणि त्यांच्या सैल कडा ओढून पट्टी झाकून टाकली. 'काढ ते' असं म्हणायचं तर 'का' तेही सांगावं लागलं असतं. ओतिलिया औषधांच्या गाडीकडे वळली. घरी बघतील, सोडतील, अशी तिनं मनाची समजूत घातली. घरी कोण मेलेल्याचे मोजे काढून बघतं?

तिसऱ्या आठवड्यापासून वॉर्डात ते सुरू झालं. जेवणानंतरची एक ते तीनची वेळ आमच्याकडे शांततेची. पडदे ओढलेले, रेडिओ बंद. पुरुषांच्या खोलीतून आवाज यायचा: धप्. मग थोडं थांबून, धप्. दाराजवळच्या कॉटवर एक रिटायर झालेला सिग्नलवाला होता. त्यानं मोजलं, खिडकीजवळच्या, म्हणजे पांतेलिमोन आजोबांच्या कॉटपासून उंबऱ्यापर्यंत अकरा. उंबऱ्यापाशी आवाज थांबतो आणि पुढे काही होत नाही, असं तो ओतिलियाला सांगत होता, आणि सांगताना भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मेट्रनबाई म्हणाल्या, गरम पाण्याच्या नळ्यांत हवा धरली आहे. प्लंबर येऊन गेला. हवा नव्हती.

ओतिलियानं स्वतः ऐकलं ते सव्विसाव्या दिवशी. सकाळी आलेल्या एका तापकरी म्हाताऱ्याला ती दुपट्यात घालत होती. वाकलेली होती, एक फेरा झाला होता. मागे खिडकीकडून धप् झालं. मग जवळ. मग अगदी पाठीशी येऊन थांबलं. कुणीतरी रांगेत आपली पाळी येईल म्हणून उभं राहावं तसं ते थांबलं. थंडी पोटऱ्यांना लागत होती. तिनं मागं पाहिलं नाही. तशीच वाकून तिनं गाठ पुरी केली. याची तिला पुढे फार लाज वाटली, आवाजाच्या भीतीपेक्षाही जास्त.

म्हणून साफ्ता अक्रोड देऊन गेली त्याच संध्याकाळी ओतिलिया मेट्रनबाईंच्या खोलीत गेली आणि म्हणाली की माणूस बांधलेलाच पुरला गेला आहे, सहा दिवसांत चाळिसावा आहे, आणि मी जाऊन सांगणार आहे. तिला वाटलं होतं, बाई ओरडतील. जॉर्जेताबाईंनी कॉफी ओतली. त्यांनी आधीच विचार करून ठेवलेला होता.

"जा ना. सांग," त्या म्हणाल्या. "सांग की मेल्यावर मीच बांधलं, रीत म्हणून, आणि सोडायला सांगायचं विसरले. पुण्याचं काम करताना चूक झाली. आभार मानायला तुझे हात धरतील ते."

"पण मेल्यावर नव्हतं बांधलं, बाई."

"ओती, मेलेल्याला त्यानं काय फरक पडतो? त्याला पाय मोकळे हवेत, ते होतील. तू खरं सांगितलंस तर पोलीस येतील, आणि ते तुझ्यापाशी थांबणार नाहीत. व्हिका आहे, ती दोन लहान पोरांची आई, नवी सिस्टर आहे, मी आहे. सगळ्यांनी बांधलंय. झाकली मूठ राहू दे."

तोडगा इतका सोयीचा होता की ओतिलियाला रडू आलं, आणि ते सुटकेचं होतं. पांतेलिमोनही सुटेल आणि आपणही सुटू. कुणाचं काय वाईट होतंय?

दुसऱ्या दिवशी ती बसनं गावाला गेली. साफ्ताच्या स्वयंपाकघरात बसून तिनं ते सांगितलं, अगदी शिकवल्यासारखं. मी बांधलं, मेल्यावर, माझी आजी बांधायची तसं. साफ्ता ऐकत राहिली आणि शेवटी तिनं खरंच ओतिलियाचे हात धरले, एकाचा मुका घेतला. म्हणाली, तू त्याला आपल्या माणसासारखं वागवलंस, विसरायला काय, सगळेच विसरतात. ओतिलियानं हात मागे ओढून घेतला आणि चुलीवर काहीतरी उतू जातंय असं म्हणाली. काही उतू जात नव्हतं. परत जाताना अंगणात तिला पडवीच्या पायरीखाली बर्फ दाबलेला दिसला, शेजारीशेजारी दोन तळव्यांनी, एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा. ती वळसा घालून फाटकाबाहेर पडली.

ठरलं ते असं. सरकारी कचेरीत कळवायचं नाही. पाद्रीबाबांनी कुरकुर केली, पण त्यांच्याही बायकोनं दुपारी रस्त्यानं काहीतरी जाताना ऐकलं होतं, मग ते तयार झाले. एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी कबर उघडायची, फक्त पायांकडची बाजू. आणि रीत अशी की ज्या हातानं बांधलं त्याच हातानं सोडायचं. म्हणजे ओतिलियानंच खाली उतरायचं. तिनं रजा टाकली. मेट्रनबाईंनी विचारलंही नाही कशाला.

त्या सकाळी धुकं होतं आणि जमीन दोन हात खोलवर गोठलेली. साफ्ताचा दीर पहाटेपासून कुदळ मारत होता. पाद्रीबाबा वाचत होते, त्यांच्या दाढीवर दव साचलं होतं. झाकणाची खालची फळी उचकटली आणि ओतिलिया घरून आणलेली कात्री घेऊन खड्ड्यात उतरली. साफ्ताही तिच्यामागून उतरली, सत्तरीची बाई, कुणाचा हात न धरता. माझा माणूस आहे, म्हणाली.

वास नव्हता. थंडीनं सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं. चादर बाजूला केली आणि आधी दिसले ते मोजे. साफ्तानं विणलेले, नवेकोरे घातलेले. दोन्ही मोज्यांचे तळवे झिजून आरपार गेले होते. चवड्यांखाली लोकरीचा एक धागा शिल्लक नव्हता, आणि भोकांच्या कडांना पिवळी माती लागलेली होती. या कबरस्तानात माती काळी आहे. पिवळी माती साफ्ताच्या अंगणात आहे. वरून दिरानं वाकून पाहिलं आणि तो कुदळ टाकून मागे सरला.

"काढ मोजे," साफ्ता म्हणाली. तिचा आवाज अजून मऊ होता.

ओतिलियानं मोजे खाली ओढले. बँडेज तिथंच होतं, तिची गाठ तिला ओळखू आली. ते घोट्यांवरून थोडं सरकलं होतं. आणि सरकलेल्या जागी, दोन्ही पायांना, जांभळा वळ होता. कातडी सोलवटलेली होती, कडा सुजलेल्या, एका ठिकाणी रक्ताची खपली धरलेली. ओढून ओढून होतं तसं. नर्सला हे बघून कळायला दुसरं काही लागत नाही.

साफ्तालाही लागलं नाही. तिनं त्या वळावरून अंगठा फिरवला, एकदा, दुसऱ्यांदा.

"मेलेल्याला वळ उठत नाही, पोरी," ती म्हणाली. "खपली तर धरतच नाही. चाळीस वर्षं मी हेच बघत आले."

वर पाद्रीबाबांचं वाचणं थांबलं. ओतिलियाकडे अजूनही उत्तरं होती. औषधांची सूज असते, हृदयाच्या आजारात कातडी अशी होते. एखादं लांबलचक नाव फेकलं असतं तर खेड्यातली माणसं गप्प बसली असती. तिनं तोंड उघडलं आणि ते नाव तिला आठवलंही. मग तिची नजर पायांकडे गेली आणि ती गुडघ्यांवर बसली.

तिनं सांगितलं ते साफ्ताला नाही, त्याला सांगितलं. आजोबा, मी तुम्हाला आठ वाजता बांधलं. तुम्ही जिवंत होतात. तुम्ही मला म्हणालात की हे मेलेल्याला बांधतात आणि मी म्हणाले आत्ता सोडते. मी चारदा तुमच्या जवळून गेले. तुम्ही सोड म्हणत होता, मला ऐकू येत होतं. मला वेळ नव्हता असं नाही, गाठ सोडायला किती वेळ लागतो. सोडलं तर तुम्ही पुन्हा उठला असता आणि मला पुन्हा यावं लागलं असतं, म्हणून नाही सोडलं. नंतर मी गप्प बसले. चार दिवसांपूर्वी तुमच्या घरात बसून खोटं बोलले.

एवढं बोलून तिनं कात्री घातली. पट्टी एका घावात तुटली. आणि एकोणचाळीस दिवस थंडीनं लाकूड झालेले ते पाय हळूहळू एकमेकांपासून बाजूला झाले, वीतभर, आणि तसेच राहिले. कुणी हात लावला नव्हता. दिरानं छातीवर क्रूसाची खूण केली. मग भीती ओसरली तसा तो शिव्या द्यायला लागला, खड्ड्याच्या काठावरून, ओतिलियाला आणि तिच्या आईला आणि सगळ्या इस्पितळाला. पोलीस, पेपरवाले, कोर्ट, सगळं काढलं. त्याचं काही चुकत नव्हतं. ओतिलिया मान खाली घालून ऐकत होती. तिला वाटत होतं की आता साफ्ताही बोलेल, आणि तिनं बोलावंच.

साफ्तानं नवऱ्याच्या पायांवर चादर ओढली, कडा आत खोचल्या. "ते नंतर," ती दिराला म्हणाली. मग ओतिलियाकडे वळली.

"आज तिथं कोण आहे असं?"

ओतिलियाला आधी कळलंच नाही.

"पाय बांधलेलं," साफ्ता म्हणाली. "आज. आत्ता. कोण आहे?"

काल तिनंच दोघांना घातलं होतं आणि तिसरीला नव्या सिस्टरनं. आज घातलं नसेल, असं होणारच नव्हतं. "तिघं," ती म्हणाली. "दोन पुरुष. एक लुक्रेत्सिया म्हणून आहे, ऐंशीची."

"केव्हापासून?"

"आठला घालतो."

साफ्तानं पाद्रीबाबांना वेळ विचारली. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं ओतिलियाच्या हातातली कात्री घेतली, पदराला पुसावी तशी ॲप्रनला पुसली आणि खिशात घातली. दिराला सांगितलं, तू झाकण बसव. पाद्रीबाबांना म्हणाली, तुम्ही राहिलेलं वाचून घ्या, उद्या चाळिसाव्याच्या जेवणाला मी येते. मग काठाला धरून ती वर चढली आणि ओतिलियाला ओढून घ्यायला वाकून हात दिला. तो हात धरायला ओतिलियाला थोडा वेळ लागला.

"साडेदहाची बस आहे," साफ्ता म्हणाली. "पळ."

दोघी फाटकातून धुक्यात पळाल्या. म्हातारी पुढे होती.